काय उपयोग त्याचा?

मैत्रिणींनो, बाईमाणसानं पंचावन्नाव्या वर्षी भरतकाम शिकायला घेतलं, तर कुणी काही म्हणत नाही. संस्कृतच्या परीक्षेला बसली, तर कौतुकच होतं. पण मी गेली तीन वर्षं स्पॅनिश शिकते आहे, आणि नुसती बोलायला नव्हे, तर ती भाषा कुठून आली, कुठे कशी बदलली हे वाचते आहे, असं सांगितलं की समोरचीच्या कपाळाला आठी पडते. मुलगा तिकडे असतो का? नाही. भाषांतराची कामं घ्यायचीत? छे हो! मग काय उपयोग त्याचा?

या प्रश्नाचा मला आता राग येत नाही. कारण हाच प्रश्न खुद्द स्पेनच्या राणीनं विचारला होता, असं मला वाचायला मिळालं. राणीचं नाव इसाबेल. सालामांका शहरी आंतोनियो दे नेब्रिखा नावाच्या पंडितानं स्पॅनिशचं, म्हणजे तेव्हाच्या कास्तिया प्रांताच्या भाषेचं, व्याकरण लिहायला घेतलं आणि त्याचा नमुना राणीला दाखवला. ती म्हणाली, हे कशासाठी? तिचंही बरोबरच होतं म्हणा. व्याकरण असायचं ते लॅटिनला. घरात, बाजारात जी भाषा आपण जन्मापासून बोलतो, तिला व्याकरण कशाला? (राणीनं स्वतः तिशी ओलांडल्यावर लॅटिनचा अभ्यास केला होता, हे मी मुद्दाम सांगून ठेवते. वयाचं कारण सांगणाऱ्या मैत्रिणींनी ऐकावं.) नेब्रिखानं उत्तर द्यायच्या आत शेजारी उभे असलेले आविलाचे बिशप बोलले. महाराणी उद्या परक्या भाषांच्या लोकांवर राज्य करतील, तेव्हा त्या लोकांना जेत्यांचे कायदे आणि जेत्यांची भाषा शिकावी लागेल. तेव्हा हे पुस्तक कामाला येईल, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ. हा सगळा संवाद नेब्रिखानंच आपल्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवला आहे.

व्याकरण छापून निघालं १४९२ च्या ऑगस्टमध्ये. युरोपातल्या बोलभाषांचं छापलेलं ते पहिलं व्याकरण मानतात. आणि ते वर्ष तरी केवढं! जानेवारीत ग्रानादा पडलं आणि ७११ पासून त्या भूमीवर कुठे ना कुठे असलेलं मुसलमानी राज्य संपलं. मार्चमध्ये यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. ऑक्टोबरात कोलंबस पलीकडच्या बेटांना लागला. बिशपसाहेबांचं बोलणं असं खरं ठरलं. आज स्पॅनिश वीसेक देशांची राजभाषा आहे आणि पन्नास कोटींच्या आसपास लोकांची मायबोली.

पण मला या राजेरजवाड्यांपेक्षा स्वयंपाकघर अधिक कळतं. म्हणून मी शब्द तिथूनच गोळा केले.

रोमन शिपाई इसवी सनापूर्वी २१८ मध्ये तिथे उतरले, त्यांच्याबरोबर लॅटिन आली. शिपायांची, व्यापाऱ्यांची बोलायची लॅटिन, पोथीतली नव्हे. ती शतकानुशतकं तोंडातोंडांत घासत, झिजत स्पॅनिश झाली. आपल्याकडे संस्कृतातल्या दुग्धाचं दूध झालं, हस्ताचा हात झाला, तसंच हे. लॅटिनमध्ये पिठाला ‘फारिना’ म्हणत, दोऱ्याला ‘फिलुम’, भट्टीला ‘फुर्नुस’. कास्तियाच्या लोकांनी या ‘फ’चा आधी ‘ह’ केला आणि पुढे तोही गिळून टाकला. लिहिताना मात्र ‘ह’ अजून लिहितात. तेव्हा आज पीठ म्हणजे ‘आरिना’, दोरा म्हणजे ‘इलो’, भट्टी म्हणजे ‘ओर्नो’. लॅटिनच्या ‘ऑक्तो’चं ‘ओचो’ झालं आणि आपल्या ‘अष्ट’चं ‘आठ’. दोघी दूरच्या बहिणी; वेगवेगळ्या गावी दिल्या गेल्या आणि आपापल्या घरी वाळल्या. सर्वांत गंमत वाटली ती ‘तू’ची. स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तूच! वर्गात पहिल्या दिवशी हा शब्द फळ्यावर आला तेव्हा मला माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

मग अरबी. सुमारे आठशे वर्षं शेजार असल्यावर वाटीतून काय काय येतंजातं, ते आपल्याला ठाऊकच आहे. स्पॅनिश बाईची साखर ‘आसूकार’, तेल ‘आसेइते’, संत्रं ‘नारांखा’, वांगं ‘बेरेनखेना’, उशी ‘आल्मोआदा’, कप ‘तासा’, भांड्यांचं कपाट ‘आलासेना’ आणि टाचणी ‘आल्फिलेर’. सगळे अरबीतून आलेले. त्यातली साखर आणि नारिंग तर अरबांकडे आपल्याकडून गेलेली. शर्करा इथून इराणमार्गे अरबस्तानात गेली आणि तिथून स्पेनच्या डब्यात जाऊन बसली.

उलट दिशेनंही आलंच की. आपला बटाटा, अननस, काजू हे शब्द पोर्तुगीजांनी गोव्याच्या, वसईच्या किनाऱ्यावर उतरवले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपली चावी त्यांच्या ‘चावे’वरून आली आणि स्पॅनिशमध्ये तिला ‘यावे’ म्हणतात. आपला पाव म्हणजे त्यांचा ‘पांव’ आणि स्पॅनिशचा ‘पान’. बटाट्याचं तर एक प्रकरणच आहे. ‘बाताता’ हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा रताळ्याचा शब्द. ‘पापा’ हा पेरूच्या डोंगरातल्या केचुआ भाषेचा, खऱ्या बटाट्याचा. दोन्ही कंद, दोन्ही जमिनीखालचे. स्पेनमध्ये घोटाळा होऊन ‘पाताता’ झाला. दक्षिण अमेरिकेत अजून ‘पापा’च म्हणतात. आपण मात्र रताळ्याचं नाव बटाट्याला देऊन मोकळे झालो!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आपल्याकडे म्हणतात ना, बारा कोसांवर भाषा बदलते? स्पॅनिशला तर कोसांचा हिशोबच नाही, अख्खा समुद्र ओलांडून गेलेली ती. वर्गात आम्हांला दोन क्रियापदं शिकवली. शिजवणं आणि शिवणं. मराठीत जवळजवळचे, तसे त्यांच्यातही. माद्रिदकडे शिजवणं म्हणजे ‘कोथेर’ आणि शिवणं म्हणजे ‘कोसेर’. पण सगळ्या अमेरिकेत हा ‘थ’ नाही. तिथे दोन्हींना ‘कोसेर’च. मग बाई शिवतेय का शिजवतेय, कळायचं कसं? त्या बायकांनी शिजवण्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘कोसिनार’ हा वेगळा शब्द वापरून प्रश्न मिटवला. बायकांना काम अडवून ठेवायची सवय नसते.

स्पेनमधला तो ‘थ’ एका बोबड्या राजाची नक्कल करता करता आला, अशी गोष्ट पुष्कळ जण सांगतात. ती खोटी आहे. जुन्या भाषेतल्या सारख्यासारख्या ध्वनींची उत्तरेत एक वाट झाली आणि दक्षिणेत, आंदालुसियात, दुसरी. पण मग अमेरिकेनं दक्षिणेचीच वाट का धरली? याचं एक उत्तर वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले. जहाजं सुटायची ती दक्षिणेतल्या सेव्हिल शहरातून. पीटर बॉइड-बोमन नावाच्या अभ्यासकानं जहाजांतून गेलेल्या हजारो लोकांच्या नोंदी तपासल्या. अगदी सुरुवातीच्या त्या वर्षांत गेलेल्या बायका थोड्या, पण ज्या गेल्या त्यांतल्या दर तिघींतल्या दोघी आंदालुसियाच्या! म्हणजे बघा, राज्यपाल आणि बिशप कुठलेही असोत, बेटांवर जन्मलेल्या पहिल्या पोरांच्या कानांवर आईचे म्हणून जे उच्चार पडले, ते आंदालुसियाचे. एवढ्या एकाच कारणानं सगळं झालं असं अभ्यासक म्हणत नाहीत. मला मात्र ते कारण पुरेसं वाटतं. पोर बोलायला शिकतं ते काही राज्यपालाच्या मांडीवर बसून नाही.

शब्दांचं तर विचारू नका. मेक्सिकोत ‘तोर्तिया’ मागितलीत तर मक्याची भाकरी मिळेल. तीही कशी? मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून, मग थापून तव्यावर भाजलेली. माद्रिदमध्ये ‘तोर्तिया’ मागा, अंडी आणि बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट पुढे येईल. आपण ज्याला राजमा म्हणतो तो मूळ तिकडचाच. त्याला मेक्सिकोत ‘फ्रिखोलेस’, अर्जेंटिनात ‘पोरोतोस’, व्हेनेझुएलात ‘काराओतास’, पोर्तो रिकोत ‘आबिचुएलास’ आणि स्पेनमध्ये ‘खुदियास’. क्यूबात ‘ग्वाग्वा’ म्हणजे बस आणि चिलीत ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हं मूल. क्यूबाच्या बाईनं चिलीत जाऊन ‘मी रोज सकाळी ग्वाग्वा पकडते’ म्हटलं, तर पंचाईतच! आणि काही साधीसुधी क्रियापदं अशी आहेत, की स्पेनमध्ये आजीदेखील सर्रास वापरते आणि अर्जेंटिनात उच्चारली तर माणसं खाली बघतात. ती इथे छापण्याजोगी नाहीत.

अहो-जाहोचं प्रकरण तुम्हांला आवडेल. ‘तू’ सांगितलाच. आदरार्थी शब्द आहे ‘उस्तेद’. हा ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ याचा झिजून झालेला. पण कोलंबियातल्या बोगोताकडे आणि कोस्ता रिकात नवराबायको एकमेकांना, आणि दोघं मिळून मुलांनाही, ‘उस्तेद’च म्हणताना आढळतात. कोस्ता रिकात कुत्र्यालासुद्धा! मी हे घरी वाचून दाखवलं. आमचे हे म्हणाले, “म्हणजे तिकडे नवऱ्याचा आणि कुत्र्याचा मान सारखा.” मी म्हटलं, मान सारखा म्हणजे बायकोचाही ‘अहो’ आला, ते नाही दिसलं तुम्हांला?

त्याहून ‘बोस’ची गोष्ट मनाला लागली. हा ‘बोस’ पूर्वी मोठ्यांना म्हणायचा शब्द, आपल्या ‘तुम्ही’सारखा. हळूहळू त्याचा भाव उतरला. स्पेननं तो टाकला, आणि मेक्सिको, लिमा अशा ज्या शहरांत स्पेनचे दरबार होते त्यांनीही टाकला. दूरच्या मुलखांत मात्र, म्हणजे अर्जेंटिनात, मध्य अमेरिकेत, तो ‘तू’ या अर्थानं राहून गेला. मग शिकलेली मंडळी म्हणू लागली, हे गावंढळ आहे. एकोणिसाव्या शतकात चिलीत आंद्रेस बेल्यो या मोठ्या विद्वानानं शाळांतून ‘बोस’विरुद्ध मोहीमच उघडली आणि तिथे तो बराचसा दबला. अर्जेंटिनातही पिढ्यान् पिढ्या मुलं घरी ‘बोस’ बोलत आणि शाळेतल्या पुस्तकात ‘तू’ वाचत. आईचं बोलणं चूक आणि पुस्तकाचं बरोबर. पण तिथल्या लोकांनी तो सोडला नाही. डॉक्टर, वकील, मंत्री, सगळे ‘बोस’च म्हणत राहिले. किनोची ती चित्रांतली मुलगी, माफाल्दा, तीदेखील. शेवटी १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीनं मान्य केलं, की हेही सुसंस्कृत बोलणंच आहे. पोरंबाळं चारशे वर्षं जे बोलत होती त्याला ‘बरोबर’ म्हणायला इतका उशीर!

मी यवतमाळकडची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. सासरची माणसं वाईट नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात मी “भाजी करून राहिले” म्हटलं आणि पंगतीतून कुणीतरी विचारलं, “राहिलीस? कुठे राहिलीस?” सगळे हसले, मीही हसले. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाजारातून सांबार आणा म्हटल्यावर घरात इडलीची तयारी सुरू झाली. तीही गोष्ट पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितली गेली. वाईट कुणीच नव्हतं, पण वर्षभरात माझं बोलणं धुऊन, इस्तरी होऊन निघालं. आज मला पुण्याची नाही असं कुणी म्हणणार नाही. तुमच्यातल्या कितीजणींचं असं झालं असेल, कोकणातून मुंबईत, खानदेशातून नाशकात, बेळगावातून कोल्हापुरात जाऊन, तुम्हीच आठवून बघा. बाईचं आडनाव बदलतं ते कागदावर दिसतं. बोलणं बदलतं त्याची नोंद कुठेच होत नाही.

तर अशा मन:स्थितीत मला दोन मारिया भेटल्या.

पहिली मारिया मोलिनेर. जन्म १९०० चा, ग्रंथपाल, चार मुलांची आई. स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर नव्या सरकारनं नवराबायको दोघांनाही नोकरीत खाली ढकललं. १९५० नंतरच्या त्या वर्षांत, मुलं मोठी झाल्यावर, तिनं शब्दकोश करायला घेतला. स्पेनमध्ये १७१३ पासून राजाश्रयाची भाषा अकादमी होती आणि अकादमीचा कोशही होता. पण मारियाला वाटे, शब्द प्रत्यक्षात कसा वापरतात, कशाला जोडून येतो, हे त्यात कळत नाही. दिवसा ग्रंथालयाची नोकरी, आणि पहाटे नि रात्री घरच्या जेवणाच्या टेबलावर शब्दांच्या चिठ्ठ्या. जेवायची वेळ झाली की चिठ्ठ्या उचलायच्या, ताटं मांडायची. ताटं उचलली की पुन्हा चिठ्ठ्या. आपल्याला हे निराळं समजावून सांगायला नको. पंधराएक वर्षांनी, १९६६ आणि १९६७ मध्ये, दोन जाडजूड खंड निघाले, मिळून तीन हजारांच्या आसपास पानं. स्पॅनिश लिहिणारा माणूस आजही तो कोश हाताशी ठेवतो. १९७२ मध्ये अकादमीच्या सभासदत्वासाठी तिचं नाव पुढे आलं आणि मागे पडलं. जागा एका पुरुष प्राध्यापकाला मिळाली. अकादमीनं पहिली बाई निवडली ती १९७८ मध्ये, कवयित्री कार्मेन कोंदे. मोलिनेर १९८१ मध्ये वारली.

दुसरी मारिया गोइरी. हिची गोष्ट मी जो ऐकेल त्याला सांगते, तेव्हा तुमची सुटका नाही. १८७३ चा जन्म. माद्रिदच्या विद्यापीठात शिकायला गेली तेव्हा बाई म्हणून अट अशी, की हिनं मार्गिकेत मुलांमध्ये थांबायचं नाही. प्राध्यापकांबरोबर वर्गात यायचं, त्यांच्याजवळ बसायचं, तास संपला की त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं. तशीच शिकून पदवीधर झाली. १९०० च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं रामोन मेनेंदेस पिदाल यांच्याशी. हे पुढे स्पॅनिश भाषेच्या इतिहासाचे सर्वांत मोठे अभ्यासक झाले. लग्नानंतर जोडपं फिरायला निघालं तेही खेचरांवरून, सीद नावाच्या मध्ययुगीन वीराची वाट शोधत. आपल्याकडे महाबळेश्वरला जातात, असो. वाटेत ओस्मा गावी सूर्यग्रहण बघायला ते थांबले. तिथे मारियाची एका धुणेवालीशी गाठ पडली. बोलता बोलता मारियानं एका जुन्या कथागीताचे शब्द म्हणून दाखवले. धुणेवाली म्हणाली, हे तर मला येतं, आणखीही पुष्कळ येतात. आणि गाऊ लागली. त्यातलं एक गाणं ऐकता ऐकता मारियाच्या ध्यानात आलं, की हे गाणं कुठल्याही पुस्तकात नाही, आणि यात जो तरुण राजपुत्र मरणाच्या दारी आहे तो दुसरातिसरा कुणी नाही, इसाबेल राणीचा एकुलता एक मुलगा, दोन खुआन.

दोन खुआन १४९७ मध्ये गेला. लग्नाला वर्षदेखील झालं नव्हतं. गेला तो सालामांकातच. म्हणजे ज्या शहरात त्याच्या आईनं ‘कशासाठी?’ म्हणून विचारलं होतं, त्याच शहरात. दरबारच्या बखरकारांनी त्याच्यावर लिहिलं, पंडितांनी लॅटिनमध्ये शोक केला. पण तो शोक चारशे वर्षं तोंडपाठ ठेवला तो नदीकाठच्या बायकांनी, धुणं आपटता आपटता. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, त्यांचे उच्चार विद्वानांच्या लेखी गावठी होते. कास्तियात असली गाणी कधीच मेली, असं तोवर सगळे पंडित धरून चालले होते.

नवराबायकोनं पुढचं सगळं आयुष्य ही गाणी गोळा करण्यात घातलं, आणि हजारो पाठांचा त्यांचा संग्रह माद्रिदमध्ये जपून ठेवलेला आहे. १४९२ मध्ये देशाबाहेर काढलेल्या यहुद्यांच्या घरांतूनही गाणी आली. सालोनिका, इस्तंबूल या शहरांत ही माणसं जुनी स्पॅनिश बोलत राहिली होती. स्पेन जे उच्चार विसरला, ते त्यांच्या तोंडी शिल्लक होते. जपले कुणी? पुन्हा मुख्यतः बायकांनीच, पाळण्यापाशी आणि लग्नघरात. १९४३ मध्ये नाझींनी सालोनिकाच्या यहुद्यांना आगगाड्यांत भरून आउश्वित्झच्या छावणीत नेलं. चाळीस हजारांहून अधिक माणसं. फार थोडी परतली. त्यांच्याबरोबर किती गाणी गेली, ते कोण मोजणार? जी उतरवून घेतली होती, तेवढी राहिली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी आई ब्याऐंशी वर्षांची, भावाकडे गावी असते. ती पुण्याला आली की बाहेरच्या खोलीत नुसती हसायची; कुणी काही विचारलं तर मान हलवायची. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असलो की कुजबुजत बोलायची, तेही दार लोटून. लहानपणी पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर तिच्या ओव्या ऐकत मी कूस बदलायची. ओव्यांचं मोल आपल्याकडे कळलं नाही असं नाही. साने गुरुजींनी त्या गोळा केल्या. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. पण माझ्या आईच्या ओव्या त्यांत नव्हत्या.

मार्गशीर्षात वही घेऊन गेले. म्हटलं, आई, जात्यावरच्या ओव्या सांग.

“कायले वं?” आई म्हणाली. “काय कामाच्या आता त्या? जातं तं केवाचंच गेलं.”

मी लिहून घेणार आहे म्हटल्यावर तर ती लाजलीच. “माह्यं बोलनं का लिहाचं असते? तुले पुण्याची चांगली भाषा येते. तेच्यात लिही, लिहाचं असलं तं.”

पहिले दोन दिवस काही हाती लागलं नाही. रिकाम्या हातांनी बसवलं की तिला शब्दच आठवेनात. तिसऱ्या दिवशी गहू निवडायला घेतले. सुपात हात फिरू लागला आणि हाताबरोबर ओवी आली. मग दुसरी. एक भावाची, एक न आलेल्या पावसाची, एक तिच्या धाकट्या बहिणीची, जी बाळंतपणात गेली. या बहिणीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. मी ‘मले’ला ‘मले’ लिहिलं आणि ‘तुले’ला ‘तुले’. एकदोनदा हात सवयीनं ‘मला’कडे वळला, त्याला आवरलं. तुमच्यातल्या कुणाला करायचं असेल तर एवढंच सांगते: टेपबिप समोर धरू नका, माणूस गप्प होतं, निवडणं, सोलणं, वळणं असं काहीतरी हाती द्या आणि वही मांडीवर ठेवा. शब्द जसा ऐकला तसाच लिहा, अर्थ नंतर विचारा. कुणी गायलं, तिचं माहेर कुठलं, सासर कुठलं, हेही त्याच पानावर.

चार दिवसांत सात ओव्या झाल्या. आठवी अर्ध्यावर अडली. पुढची ओळ तिच्या मोठ्या जावेला येते, ती आता कारंज्याला लेकीकडे असते. निघायच्या आधी मी आईला वही वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, “हे तं मीच बोलून राहिली!”

संक्रांतीनंतर कारंज्याला जायचं ठरवलं आहे. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण पापड अजून त्याच लाटतात म्हणे.